काउंटरवर एक मीटर, पेटीत दुसराच

सोसायट्यांच्या इलेक्ट्रिक देखभालीची कामं मी करतो. आमचं निम्मं काम जिन्याखालच्या मीटर रूममध्ये, आणि तेही बहुतेक वेळा लाइट गेल्यावरच निघतं. तिथे मल्टिमीटरचा, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या हातातल्या यंत्राचा, बॅकलाइट (आकड्यांमागचा उजेड) ही चैन नसते. समोरची वायर जिवंत आहे की मेलेली, हे त्या उजेडातच वाचायचं असतं.

म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नवा मल्टिमीटर घेताना मी बॅकलाइट बघूनच पसंत केला. दुकानदाराने काउंटरवरचा पीस लावून दाखवला. पांढरा उजेड, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा. पैसे दिल्यावर आतून सीलबंद पेटी आली. "डेमो पीस कुणालाच देत नाही, हा फ्रेश माल घ्या." मॉडेल नंबर तोच, रंग तोच. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये फरक कळायला वावच नव्हता.

खरा प्रकार कळला तो मेन पाडून एका केबलवर प्रोब (मीटरची मोजायची सुई) लावल्यावर. डिस्प्लेच्या डाव्या कोपऱ्यात निळा भपका, आणि उजवीकडे जाईजाईपर्यंत अंधार. आकडा 180 च्या आसपास. आता ते व्होल्ट की मिलिव्होल्ट? ऑटोरेंज मीटरमध्ये (म्हणजे मोजायची पट्टी स्वतःच निवडणाऱ्या) एकक उजव्या कडेला, बारीक अक्षरात येतं, आणि नेमकी तीच कडा दिसत नव्हती. मिलिव्होल्ट असतील तर शेजारच्या चालू केबलमुळे आलेला भास, व्होल्ट असतील तर हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. सोबतच्या वायरमनच्या मीटरने खात्री केली आणि मगच पुढे हात घातला.

घरी येऊन हा आणि वायरमनचा असे दोन्ही मीटर अंधारात शेजारी ठेवले, मग मागचं झाकण उघडलं. चांगल्या मीटरमध्ये एलईडीचा उजेड काचेमागच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीतून सगळीकडे पसरवलेला असतो. माझ्या मीटरमध्ये डाव्या बाजूला एकच निळा एलईडी आणि पुढे नुसता पारदर्शक तुकडा. उजेड पसरवणारी ती पांढरी पट्टीच नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट. मीटरमधला नऊ व्होल्टचा सेल थोडा उतरला की बॅकलाइट लावताच आकडा हलतो. एका पेन्सिल सेलचं व्होल्टेज मोजताना बटण दाबलं, तर शेवटचे आकडे सरळ बदलले. आणि हे सगळं ज्याच्या अंगावर कॅट थ्री, 600 व्होल्ट (म्हणजे इमारतीच्या वायरिंगवर वापरायला सुरक्षित) असं छापलंय त्या मीटरमध्ये! आत फ्यूज बघितला तर साधा काचेचा, मोठा करंट आला तर फुटू शकणारा.

परत नेला तर उत्तर तयार होतं: "बॅकलाइट लागतोय ना? मग तक्रार कसली?" काउंटरवरचा पीस तोवर गायब. बिलावर त्यांनी फक्त "डिजिटल मीटर, 1 नग" लिहिलं होतं, मॉडेल नाही, सिरीयल नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण दाखवलेला माल वेगळा होता हे त्या बिलावरून सिद्ध होणार कसं? हाच अशा दुकानदारांचा डाव आहे, आणि अंधारात काम करणाऱ्या माणसाशी असा डाव खेळणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

तेव्हा मीटर घेणार असाल तर पैसे देण्याआधी सील दुकानातच फोडायला लावा. पेटीतलाच मीटर काउंटरखालच्या खोक्यात धरा, किंवा अंगातल्या जॅकेटखाली, आणि आकडे नव्हे तर उजवी कडा वाचा: एम (मिली), के (किलो). दशांश टिंबही स्पष्ट दिसलं पाहिजे. थोडा तिरपा करून पुन्हा वाचा, कारण पॅनेलसमोर मीटर सरळ डोळ्यासमोर कधीच नसतो. एखादा सेल मोजताना बॅकलाइट चालू-बंद करा, आकडा जागचा हलता कामा नये. उजेड किती वेळ टिकतो तेही बघा. काही मीटरमध्ये तो लगेच विझतो, आणि दोन्ही हातांत प्रोब असताना बटण कोण दाबणार? बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला, तर दुसऱ्या दुकानात जा. त्या रस्त्यावर दुकानांना तोटा नाही.