जिप्सी टप्प्याटप्प्यानं ‘तयार’ करून देणाऱ्यांपासून सावध

मारुतीनं २०१९ साली जिप्सी ही चारही चाकांना ताकद देणारी जीप बंद केली आणि आमच्या बेळगाव भागात जुन्या जिप्सीचे भाव चढले. गाडीपेक्षाही तिच्या मूळ पार्टचे. हे आधी सांगतो, कारण पुढची सगळी लबाडी त्यावरच उभी आहे.

माझी गाडी १३०० सीसीची जिप्सी किंग, केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंग. इंजिन ठणठणीत, बाकी वयाप्रमाणं. जांबोटी-कणकुंबीकडच्या लाल चिखलात आणि ओढ्या-नाल्यांच्या वाटांवर न्यायची म्हणून ती हळूहळू तयार करायची ठरवलं. आधी पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), मग टायर, मग बाकीचं. एकदम दोन-तीन लाख कुणाकडं असतात? जिप्सी, महिंद्राची जुनी थार किंवा एमएम ५४० जीप असलेले बहुतेक असंच करतात. ज्या गॅरेजवाल्याचं मी सांगतोय, त्याला असंच गिऱ्हाईक लागतं. एकदम सगळं काम देणारा गाडी घेऊन जाताना सगळं तपासून घेतो. टप्प्याटप्प्यानं येणाऱ्याला प्रत्येक वेळी फक्त नवीन बसवलेली वस्तू दिसते.

त्याचं गॅरेज सीमेपलीकडं, महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माणूस बोलायला गोड, चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. “दादा, तुम्ही गाडी ठेवून निवांत जावा. मी हाय की.” गाडी सोडून निवांत जाणं, हीच त्याला हवी असलेली गोष्ट.

पहिलं काम पाट्यांचं. जिप्सीला पुढं-मागं दोन्हीकडं पाटेच असतात, त्यामुळं गाडी उचलायची म्हणजे जास्त कमानीचे नवे पाटे किंवा लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी). मी पैसे दिले नव्या पाट्यांचे. बसवले कुणाच्या तरी गाडीचे जुने पाटे, थंडच ठोकून कमान वाढवलेले आणि वर काळा रंग मारलेला. असे ठोकलेले पाटे सुरुवातीला उंच दिसतात, मग ओझ्याखाली परत बसतात. माझे बसले. तेव्हा त्यानं लांब शॅकल सुचवले. शॅकल दोन इंच वाढवला की गाडी जेमतेम एक इंच उचलते, आणि पुढच्या शॅकलमुळं अॅक्सलचा कोन बदलून स्टेअरिंग भटकायला लागतं. ते भटकायला लागल्यावर तो म्हणाला, स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे हेलकावे दाबणारा शॉकअॅब्सॉर्बर) लागेल. डॅम्परनंही जाईना तेव्हा, “टायर लहान पडतात दादा, म्हणून.”

त्याचा धंदा असा चालतो. आधीच्या कामातला दोष पुढच्या कामाचं कारण होतो. आणि दर वेळी तो आपल्या बाजूनं बोलतोय असं वाटतं, कारण गाडी खरंच ओढत असते, खरंच थरथरत असते. लक्षण खोटं नसतं, निदान खोटं असतं.

टायर २१५/७५ आर १५ घ्यायचे ठरले. मूळ २०५/७० पेक्षा हे सुमारे पाच टक्के मोठे, म्हणजे स्पीडचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ च्या आसपास असते. हे त्यानं स्वतःहून सांगितलं, म्हणून माझा विश्वास आणखी बसला. (खोटं बोलणारा माणूस मधेमधे एखादं अचूक खरं सांगतो, त्याचा हिशेब वेगळाच असतो.) टायर काळेभोर, चकचकीत. टायरवर ‘DOT’ नं सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५१४ म्हणजे २०१४ चा पस्तिसावा आठवडा. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. माझ्या चारही टायरांची ती बाजू आत होती. एखाद-दुसरं चाक तसं असेल तर चालतं, चारही असतील तर गाडीखाली वाकून बघा. खाली झोपून मोबाईलच्या उजेडात मी वाचले तेव्हा कळलं, रबर दहा वर्षांचं जुनं होतं.

स्नॉर्कलची (पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणाऱ्या उंच नळीची) गोष्ट हसण्यासारखी आहे, नशीब चांगलं होतं म्हणून. फेंडरला भोक पाडून स्नॉर्कल लावला, वरून सिलिकॉन भरलं, रुबाब झक्कास. आत त्याची नळी एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेलीच नव्हती, फेंडरच्या मागं उघडी सोडून दिलेली. इंजिन हवा घेत होतं ती नेहमीच्याच जागेवरून, खालून. पाण्यात घातली असती तर पाणी सिलिंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकले असते. तपासायला अवजार लागत नाही: गाडी आयडलवर चालू ठेवून स्नॉर्कलचं तोंड घट्ट बंद करायचं. इंजिन गुदमरून बंद पडलं तर जोडणी खरी. माझी गाडी मजेत चालू राहिली.

खरा डल्ला मात्र हबवर होता. जिप्सीच्या पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब असतात, हातानं फ्री किंवा लॉक करायचे; लॉक केले की चाक आतल्या शाफ्टला जोडलं जातं. “ग्रीस भरून देतो” म्हणून त्यानं ते उघडले आणि माझे मूळ हब ठेवून घेऊन कुठले तरी झिजलेले बसवले. वरचा खटका लॉकवर फिरायचा, आत दाते धरायचेच नाहीत. डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) बिनलॉकचं असल्यानं एका बाजूचा हब सुटला तरी ताकद त्या मोकळ्या शाफ्टलाच जाते आणि पुढची दोन्ही चाकं मेल्यासारखी होतात. म्हणजे मी फोर बाय फोरचा गिअर टाकून प्रत्यक्षात टू बाय फोर चालवत होतो. जांबोटीच्या पुढं चिखलात मागची चाकं खड्डा खणत बसली आणि पुढची ढिम्म. ट्रॅक्टरनं ओढून काढली.

मग बेळगावातल्या उद्यमबागच्या एका मेस्त्रींकडं गेलो. मातृभाषा कन्नड, माझ्याशी मराठीत बोलतात, रागावले की परत कन्नड. त्यांनी पुढचं एक चाक जॅकवर घेतलं, गिअर टू-हायवर (फक्त मागच्या चाकांना ताकद), दोन्ही हब लॉक, आणि चाक हातानं फिरवलं. गाडीखालचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या अॅक्सलला ताकद नेणारा दांडा) चाकाबरोबर फिरला पाहिजे. फिरला नाही. दुसऱ्या चाकाचंही तेच. गॅरेजमधून गाडी घेताना हे पाच मिनिटांत कुणालाही करून बघता येतं. मेस्त्री कन्नडमध्ये जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता कागदाचं. उंची आणि मोठ्या टायरांबद्दल मी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला, “केए-२२ ला चालत नाही, खरं आमच्याकडं कोल्हापूरला, एमएच-०९ ला पासिंग होतंय. मी कागद करून देतो.” एक शिक्का मारलेला कागदही दिला. सीमाभागात ही थाप सहज खपते, कारण कर आणि नंबरप्लेटवरून दोन राज्यांत आपली रोजचीच ओढाताण असते. पण मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, निपाणीच्या अलीकडं-पलीकडं तोच. कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये असा नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. मालकाला, म्हणजे तुम्हाला. गॅरेजवाल्याचा कागद तिथं कामाचा नाही. काही बदल करायचाच असेल तर आधी आपल्याच आरटीओत जाऊन विचारा.

जाब विचारला तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं: “मधे तुम्ही दुसरीकडं काम केलं असणार.” आणि “दुसऱ्या राज्यातनं केस कुठं करत फिरता?” हेही खोटंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणून मी बेळगावातच केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी काही विचारायचं असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लागतो.

पक्कं बिल त्यानं एकदाही दिलं नव्हतं, “जीएसटी कशाला भरता दादा” म्हणून. मी पैसे फोनवरून पाठवले होते आणि प्रत्येक वेळी कशाचे ते खाली टाइप केलं होतं, तेवढ्यावर तक्रार उभी राहिली. मूळ हबचे फोटो मात्र माझ्याकडं नाहीत. तुमची गाडी आत सोडण्याआधी हब, पाटे, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), डिफरन्शियल, जॅकसुद्धा, सगळ्याचे फोटो काढून त्याच्याच नंबरवर पाठवा, आणि काढलेले जुने पार्ट गोणीत घालून परत मागा. द्यायला कां-कूं करायला लागला तर गाडी बाहेर काढा.