कौलारू घरातला पावसाळी अंधार : सहा महिन्यांच्या वापरानंतर

थंड प्रदेशांतील लोक अंधाऱ्या हिवाळ्यासाठी घराची जशी तयारी करतात, तशी गोव्यात आम्हाला पावसाळ्यासाठी करावी लागते. पंचांगाच्या हिशेबाने जूनमधला दिवस इथे सुमारे १३ तासांचा, म्हणजे डिसेंबरमधल्या दिवसापेक्षा जवळजवळ २ तासांनी मोठा असतो. पण एकदा मळभ धरले की दुपारी तीन वाजताही तांदूळ निवडायला दिवा लावावा लागतो. फोंडा तालुक्यातले आमचे घर जुने, चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) आणि मधोमध राजांगण, म्हणजे आतले उघडे अंगण, असलेले आहे. भिंती जाड, खिडक्या लहान, आणि पावसाचा मारा भिंतींवर येऊ नये म्हणून छप्पर इतके खाली उतरवलेले की पडवीतून बाहेर पडताना उंच माणसाला वाकावे लागते. यंदा एप्रिल-मे महिन्यांत आम्ही उजेड वाढवण्यासाठी आणि ओल कमी करण्यासाठी काही गोष्टी करून घेतल्या. पावसाळा, चवथ (गणेशचतुर्थी) आणि दिवाळी पार पडून आता नोव्हेंबर सुरू आहे, तेव्हा त्यांतले काय उपयोगी पडले आणि काय नाही, ते लिहिते.

सर्वांत आधी काचेची कौले. शाकारणीच्या वेळी स्वयंपाकघरावरची सहा मंगळुरी कौले काढून त्या जागी काचेची घातली, आणि ती मुद्दाम उत्तरेकडच्या उतारावर घातली. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर असल्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो, आणि आमचे अंधाराचे दिवस नेमके तेच असतात. परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा झाला. जूनमध्ये एका सकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना, सासूबाई दारातच थांबून म्हणाल्या, "गो, दिसाचो दिवो कित्याक पेटयला?" दिवसाढवळ्या दिवा लावून ठेवल्याबद्दल मला बोलणी बसत होती, आणि दिवा लागलेलाच नव्हता. ढगाआडून येणारा तो उजेड मंद असला तरी वरून सारखा उतरतो, त्यामुळे चुलीजवळ आपलीच सावली पातेल्यावर पडत नाही. खिडकीच्या उजेडात ही सोय कधीच नव्हती.

दोष दोन आढळले. आमची जुनी कौले आणि नवी काचेची कौले यांच्या खाचा तंतोतंत जुळत नव्हत्या, आणि हे आम्हाला पहिल्या जोरदार पावसात, रगड्यात पाणी साचल्यावर कळले. कौले शाकारणाऱ्याला परत बोलावून, बाजूच्या दोन रांगा उसवून पुन्हा बसवाव्या लागल्या. तेव्हा काचेचे एक कौल आधी आणून, आपल्या जुन्या कौलाशेजारी जमिनीवर मांडून, सांध्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे, आणि मगच बाकीची घ्यावीत. दुसरा दोष शेवाळाचा. ऑगस्टपर्यंत काचेवर हिरवट थर चढला आणि उजेड निम्म्यावर आला. ओल्या कौलांवर चढण्याचे धाडस कोणी करू नये. आम्ही चवथीआधी चार दिवसांची उघडीप मिळाली तेव्हा लांब काठीला कुंचा बांधून शिडीवरूनच काच साफ केली.

पडवीचा किस्सा थोडा लाजिरवाणा आहे. पूर्वी आमच्याकडे पावसाच्या माऱ्यापासून भिंती वाचवायला माडाच्या झावळ्यांची विणलेली मल्लां बांधत. ती विणणारी माणसे मिळेनाशी झाल्यावर, इतर अनेकांप्रमाणे, आम्हीही निळे प्लास्टिक आणले आणि दहा-बारा वर्षे दर जूनला ते इमानेइतबारे बांधत आलो. त्यामुळे पुढच्या दोन्ही खोल्यांत चार महिने मत्स्यालयात बसल्यासारखा निळा काळोख असे, आणि आम्ही मात्र आकाशाला दोष देत होतो. यंदा त्या जागी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे लाकडी चौकटीत बसवून घेतले. ऑक्टोबरमध्ये ते काढून माळ्यावर ठेवता येतात. पाऊस वाऱ्यासकट आला की ते ताशासारखे वाजतात आणि ओटीवर बसून फोनवर बोलणे अशक्य होते. पण निळ्या प्लास्टिककडे परत जायचे नाही यावर घरात एकमत आहे. चौकटीच्या वर वीतभर फट अवश्य ठेवावी, नाहीतर हवा कोंडून भिंतीला बुरशी धरते.

भिंतींबद्दल थोडक्यात सांगते. पुढच्या खोलीतला प्लास्टिक रंग दर वर्षी पापुद्रे येऊन गळत असे, कारण चिरा पाणी पितो आणि रंगाचा पापुद्रा ते बाहेर जाऊ देत नाही. तो खरवडून चुन्याची सफेती केली. पाठ टेकली की कपड्यांना पांढरे लागते, एवढी एक तक्रार सोडल्यास ती उत्तम टिकली आहे, आणि खोली उजळली ती वेगळीच.

आता दिवे. आमच्याकडे सगळीकडे ६५०० केल्विनचे पांढरे बल्ब होते (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर), कारण दुकानात मागितला की तोच हातात येतो. त्या निळसर उजेडात पावसाळी संध्याकाळ आणखी गारठल्यासारखी वाटे. आता बसण्या-निजण्याच्या खोल्यांत २७०० केल्विनचे, ९ वॅटचे पिवळसर बल्ब आहेत, आणि छताला एकच दिवा टांगण्याऐवजी ते तीन ठिकाणी खाली आणले आहेत : एक उभा दिवा सासूबाईंच्या खुर्चीमागे, एक कोनाड्यात आणि एक भिंतीवर. वॅट तेवढेच असले तरी दिवा जवळ आला की उजेड किती वाढतो, याचा अनुभव घेतल्याशिवाय विश्वास बसत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाईंनी चातुर्मासात रोज संध्याकाळी पोथी वाचली ती त्या उभ्या दिव्याखाली. छताच्या दिव्याखाली त्यांना मजकुरावर बोट ठेवून वाचावे लागे. जुलैच्या अखेरीस ते बोट सुटले होते.

स्वयंपाकघरात मात्र पिवळा उजेड मला मानवला नाही. तिथे ४००० केल्विनचा दिवा लावला आणि पहिल्याच दिवशी फसले. स्वस्तातल्या त्या दिव्याखाली तांबडी भाजी काळपट दिसू लागली आणि बांगड्याचे कल्ले ताजे की शिळे ते कळेना. साध्या एलईडीच्या उजेडात लाल रंग कमी पडतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा 'सीआरआय' हा आकडा खोक्यावर असतो, तो ८० ऐवजी ९० किंवा अधिक असलेला दिवा आणल्यावर भाजीचा रंग परत आला. किंमत दुपटीच्या आसपास पडली, पण हा दिवा एकच लागतो. पिवळ्या दिव्यांचा आणखी एक लाभ जूनच्या पहिल्या आठवड्यात दिसला. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून तिचे थवे घरात शिरतात, ते पांढऱ्या दिव्याकडे जितके झेपावतात तितके पिवळ्याकडे येत नाहीत. येतच नाहीत असे नव्हे; तास-अर्धा तास सगळे दिवे मालवून बसण्याचा जुना उपाय यंदाही दोनदा करावा लागला.

झाड पडून वीज जाणे हा इथल्या पावसाळ्याचा भागच आहे. घरातले पाच दिवे मिळून ४५ वॅट लागतात, त्यामुळे १५० अॅम्पिअर-तासांच्या एका बॅटरीवर, पंखे बंद ठेवले तर, रात्र निर्धास्त निघते. जुलैत सलग १४ तास वीज नव्हती तेव्हाही दिवे मंदावले नाहीत.

सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे हवेतली ओल शोषणारे यंत्र, आणि माझे मतही तिच्याबद्दलच सर्वाधिक दुभंगलेले आहे. तक्तपोशी (कौलांखाली लाकडी फळ्यांचे छत) असलेल्या निजण्याच्या खोलीत दारे-खिडक्या लावून ते तीन तास चालवले की आर्द्रता ९० टक्क्यांवरून ६५ च्या आसपास येते, यंत्राच्या उष्णतेने खोली थोडी उबदार होते, आणि पांघरूण घेताना जो ओलसर गार स्पर्श होई तो होत नाही. पावसाळ्यात ऊब म्हणतात ती मला प्रथम तिथेच जाणवली. दिव्यांनी ती एकट्याने आली नसती. पण हेच यंत्र ओटीवर ठेवले तेव्हा दिवसभर चालूनही आकडा हलला नाही, कारण उघड्या कौलांच्या फटींतून बाहेरची हवा सतत आत येत असते. शिवाय पहिल्याच महिन्यात त्याचा पंखा बंद पडला आणि दुरुस्तीला माणूस यायला १९ दिवस लागले, तेही ऐन जुलैत. यंत्र २५० वॅटचे आहे, रोज सहा तास धरल्यास महिन्याला ४५ युनिट जातात. टाकीत जमणारे पाणी स्वच्छ दिसते म्हणून कोणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नये. तिथे शुद्ध केलेलेच पाणी लागते. आम्ही त्याने लादी पुसतो.

पुन्हा खर्च करायचा झाला तर मी याच क्रमाने करीन : आधी निळे प्लास्टिक काढणे, मग काचेची कौले, मग दिवे. यंत्र घरातल्या एका बंद खोलीपुरतेच घेईन आणि दुकानदाराकडून दुरुस्तीची मुदत लिहून घेईन. माजघराला मात्र यांतले काहीच लागू पडलेले नाही. वर माळा असल्यामुळे तिथे काचेचे कौल घालून उपयोग नाही, आणि सुतार माळ्याच्या दोन फळ्या काढून पाहू म्हणतो. पण त्याच फळ्यांवर सासूबाईंची माटोळीची (चवथीला गणपतीच्या वर फळे-फुले बांधायची) चौकट आणि पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या, बरण्या असल्यामुळे तो विषय सध्या त्यांच्याकडे विचाराधीन आहे.