लाल नळी की हिरवी?

म्हशीचं रक्त बायोकेमिस्ट्रीला पाठवायचंय, तर लाल झाकणाची नळी घ्यावी की हिरव्या? लाल नळीत रक्त गोठायला अर्धा तास तरी द्यावा लागतो, मग सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव, मिळतं. हिरवीत हेपरिन असतं, ते रक्त गोठू देत नाही. लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्ताचा द्रव भाग) तयार. घाईच्या केसला मी हिरवीच उचलतो. मात्र प्लाझ्मात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन शिल्लक राहतं, त्यामुळे एकूण प्रथिनं थोडी जास्त दिसतात. सीरमचं दुखणं वेगळं: गोठताना प्लेटलेट्समधून पोटॅशियम सुटतं आणि आकडा चढतो. पेशी वेगळ्या न करता नळी तशीच ठेवली, तर ग्लुकोज दोन्हींत घसरतं.

जांभळी नळी सीबीसीपुरतीच, म्हणजे रक्तपेशी मोजण्यापुरतीच. तिच्यातलं ईडीटीए हे रसायन कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रिपोर्टमध्ये ते फार कमी दिसतं. तो रिपोर्ट वाचून धडधाकट म्हशीलाही मिल्क फीव्हर (कॅल्शियम घटल्याने होणारा आजार) झालाय असं वाटेल!