फोम की हवा, पिसं की पॉलिस्टर? पावसाळी ट्रेकचं अंथरूण-पांघरूण

जुलैत हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईला एका ओसरीवर मुक्काम होता. पाऊस आत येत नव्हता, पण सारवलेल्या जमिनीतून ओल वर येत होती. पहाटे माझी फोमची कॅरीमॅट उचलली तर खाली तिच्याच मापाचा काळपट ओला चौकोन, वरची बाजू कोरडी ठाक. शेजारी मित्र हवेच्या मॅटवर झोपला होता. ती रात्रीत कधीतरी बसली आणि तो जमिनीवर आला.

त्यामुळे पुण्याहून सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणार असाल तर माझं मत फोमला. हा फोम पाणी पीत नाही, फडक्याने पुसला की झालं, काटा घुसला तरी बिघडत नाही. वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. अडचण फक्त जागेची: सॅकच्या बाहेर बांधावी लागते आणि एसटीत चढताना येणाऱ्या-जाणाऱ्याला लागते. घडीच्या मॅटच्या खळग्यांत पाणी राहतं, म्हणून गुंडाळायचीच घ्या.

हवेची मॅट कुशीवर झोपणाऱ्याला खरंच सुखाची, कंबरेचं दुखणं असेल तर तीच घ्या. पण दमट रात्री ती उघड्या अंगाला चिकटते, आणि करवंदीचा एक काटा तिला पुरतो. तोंडाने फुगवली तर श्वासातली वाफ आत कोंडते, त्यापेक्षा पंपाची पिशवी बरी. आपोआप फुगणारी मॅट मी तरी पावसाळ्यात नेणार नाही. तिच्या आतला स्पंज एकदा ओलावला की वाळता वाळत नाही.

आता पांघरूण. क्विल्ट म्हणजे पाठ नसलेली स्लीपिंग बॅग. अंगाखाली दबलेला भराव तसाही ऊब देत नाही, म्हणून तो काढूनच टाकलेला. उकडलं की पाय बाहेर काढता येतो, आपल्या हवेत हे फार मोलाचं.

डाऊनची, म्हणजे मऊ पिसांच्या भरावाची, क्विल्ट हलकी आणि सॅकमध्ये एवढीशी होते, पण ओलावली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. एका रात्रीत फारसं बिघडत नाही, सलग तीन-चार रात्रींत घाम आणि हवेतली ओल साठत जाते. पाणी झटकणारं डाऊन मिळतं, त्यात ओल उशिरा शिरते इतकंच. खरी परीक्षा घरी आल्यावर. पुण्यात जुलैत ऊन कुठलं? माझी सिंथेटिक, म्हणजे पॉलिस्टर भरावाची, क्विल्ट रात्री पंख्याखाली दोरीवर टाकली की सकाळी वाळलेली असते. डाऊनला दोन-तीन दिवस लागले, तेही मधूनमधून हाताने गोळे फोडत. घाईत कोंबून माळ्यावर टाकली असती तर दिवाळीत कुबट वासच बाहेर आला असता.

(आजीची गोधडी? गाडीने जाणार असाल तर जरूर. भिजलेली गोधडी गडावर चढवून बघा एकदा.)

डिसेंबरात हरिश्चंद्रगड किंवा उन्हाळ्यात हिमालय ठरत असेल तर डाऊनला पैसे घाला. नुसते पावसाळी शनिवार-रविवार असतील तर सिंथेटिक, आणि सॅकमध्ये तिच्याभोवती कचऱ्याची मोठी काळी पिशवी. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी येतंच.