वायफाय दुरुस्तीच्या नावाखाली माझ्या मामांचे पैसे कसे गेले

मामांना विचारूनच हे लिहितोय. नाव तेवढं टाकू नकोस, बाकी सगळं लिही, असं ते स्वतःच म्हणाले.

मामा कोल्हापूरला असतात. घरातल्या आतल्या खोलीत त्यांचं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. कॉम्प्युटर डेस्कटॉप आहे आणि राउटर बाहेरच्या खोलीत. मध्ये केबल ओढलेली नाही, कॅबिनेटच्या मागे नखाएवढा वायफाय डोंगल लावलेला आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले आणि ऐन गर्दीत कॉम्प्युटरचं नेट जायला लागलं. मोबाइलवर वायफाय व्यवस्थित चालायचं. कॉम्प्युटरवर मात्र मध्येच तुटायचं, कधी नेटवर्कचं नावच दिसायचं नाही. इकडे प्रेसला पीडीएफ पाठवायची खोळंबलेली, तिकडे प्रूफसाठी पार्टीचे फोनवर फोन. मामांनी मोबाइलवर राउटरच्या कंपनीचं नाव टाकलं, पुढे 'कस्टमर केअर नंबर' लिहिलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला.

तो नंबर कंपनीचा नव्हताच. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या ओळी पुष्कळदा पैसे भरून लावलेल्या जाहिराती असतात. शिवाय एखादं साधं वेबपेज बनवून त्यावर कुणीही कुठल्याही कंपनीच्या नावाने नंबर टाकू शकतो. खरा नंबर राउटरच्या खोक्यात आलेल्या कागदावर असतो, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर असतो, आणि नेट देणाऱ्याचा नंबर बिलावर असतो. मामांच्या बाबतीत ते बिल ड्रॉवरमध्येच होतं, पण घाईत तिकडे कुणाचं लक्ष जाणार?

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, अतिशय अदबीने. दर वाक्याला 'सर'. राउटरचा मॉडेल नंबर विचारला, मागचे दिवे कसे लुकलुकताहेत ते विचारलं. मामांना वाटलं, माणूस जाणकार आहे. मग तो म्हणाला, तुमचं नेटवर्क इथून तपासावं लागेल, एक ॲप टाका. कॉम्प्युटरला नेट नव्हतं, तर त्याने मोबाइलचा हॉटस्पॉट लावायला सांगितलं.

इथे मला वाचणाऱ्यांना थांबवून एक गोष्ट दाखवायची आहे, कारण सगळा बनाव इथेच उघडा पडतो. बिघाड होता कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामधल्या वायफायमध्ये. त्या माणसाने कॉम्प्युटर राउटरवरून सोडवून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला. म्हणजे आता त्याला जे काही दिसत होतं त्यात घरचा राउटर कुठेच नव्हता. ज्या जोडणीची तक्रार, तीच बाजूला काढून ठेवल्यावर तो तपासणार काय होता? त्याला वायफाय बघायचंच नव्हतं. त्याला कॉम्प्युटरच्या आत शिरायचं होतं.

ॲप उघडल्यावर स्क्रीनवर एक आकडा आला. तो मामांनी वाचून दाखवला, 'परवानगी द्या' वर क्लिक केलं, आणि माउसचा बाण आपोआप हलायला लागला. लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या अशा ॲपच्या आडून खात्यातून पैसे काढले जातात, याबद्दल रिझर्व्ह बँकेने बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. ॲप स्वतः खोटं नसतं, ऑफिसातली आयटीची माणसं तेच वापरतात. प्रश्न एवढाच की आकडा आपण कुणाला सांगतोय.

मग सुरू झालं घाबरवण्याचं काम. त्याने विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यात लाल गोल आणि पिवळे त्रिकोण यांची लांबलचक यादी होती. 'सर, ये सब वायरस अटैक है.' तसं काही नसतं. एखादी सर्व्हिस सुरू व्हायला उशीर झाला, प्रिंटर बंद होता, असल्या बारीकसारीक नोंदी विंडोज तिथे लाल-पिवळ्या खुणांनी ठेवत असतं. कालच विकत आणलेल्या कॉम्प्युटरवरही त्या सापडतील. तुमच्या कॉम्प्युटरवर आत्ताच बघा: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून eventvwr हे इंग्रजी अक्षरांत टाकलं की तीच यादी समोर येते. एकदा शांतपणे बघून ठेवलीत तर पुढे तीच दाखवून कुणी भीती घालू शकणार नाही.

त्यानंतर काळी खिडकी उघडून त्याने चालू जोडण्यांची यादी काढली आणि म्हणाला, हे सगळे आकडे म्हणजे आत्ता तुमच्या मशीनमध्ये बसलेले हॅकर. ब्राउझर उघडा असला की अशी यादी येतेच, प्रत्येक उघड्या साइटची नोंद त्यात असते. शेवटी त्याच काळ्या खिडकीत 'नेटवर्क सिक्युरिटी एक्स्पायर्ड' असं इंग्रजीत त्याने स्वतःच टाइप केलं. मामांना वाटलं, कॉम्प्युटरच सांगतोय.

घरच्या वायफायला कसलंही सिक्युरिटी लायसन्स नसतं आणि त्याची मुदत संपत नाही. संपतो तो नेटचा रिचार्ज, आणि तो संपला की घरातल्या मोबाइलचंही वायफायवरचं नेट बंद होतं.

नोंदणीचे फक्त १० रुपये भरा, असं सांगून त्याने स्क्रीनवर एक फॉर्म उघडून दिला. मामांनी डेबिट कार्डाचा नंबर त्यातच भरला. स्क्रीन काळी झाली, 'अपडेट चालू आहे, हात लावू नका' असं आलं. मोबाइलवर ओटीपी आला, तो माणूस न थांबता बोलत होता, मामांनी ओटीपी वाचून दाखवला. मग दुसरा. त्या मेसेजमध्ये रक्कम स्पष्ट लिहिलेली होती, पण तो वाचायला उसंत द्यायचीच नाही हेच तर त्यांचं कसब. दोन व्यवहारांत ४४,००० रुपयांच्या वर गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचाच फोन. चुकून जास्त रक्कम कापली गेली, परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. मामी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'अहो, पैसे यायला पिन कशाला लागतो? भाजीवाल्याला देताना आपण पिन टाकतो, तो टाकतो का?' मामांनी फोन ठेवला आणि मला लावला. मामींच्या त्या एका प्रश्नामुळे उरलेलं खातं वाचलं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

आम्ही पहिल्यांदा बँकेला कळवून कार्ड बंद केलं, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. हा क्रम मुद्दाम सांगतोय. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने स्वतः माहिती सांगितल्यामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे घरात कुणाला सांगावं, कसं सांगावं, या विचारात घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो. १९३० वर लवकर कळवलं तर पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अडवता येतात. मामांची एक रात्र लाजेत गेली. थोडी रक्कम एका खात्यात अडकवून ठेवली गेली आहे, बाकीची पुढच्या खात्यांत वळवून काढून घेतलेली होती. माझी कळकळीची विनंती आहे, घरातल्या मोठ्या माणसांवर अशा वेळी ओरडू नका. आपण ओरडू या भीतीनेच ती गप्प बसतात.

कॉम्प्युटरचं नेट काढलं, ते ॲप काढून टाकलं, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलले. कामाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर घेऊन विंडोज नव्याने टाकलं. आत काय ठेवून गेले असतील याची खात्री दुसऱ्या कशाने होत नाही. फॉन्ट आणि डिझाइनचं कोरल सॉफ्टवेअर परत बसवण्यात मामांचं कामही अडलं.

आणि मूळ बिघाड? मामांनी जुन्या पत्रिकांचा बॅकअप घ्यायला नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली होती आणि ती मागच्या निळ्या यूएसबी पोर्टमध्ये लावली होती, डोंगलच्या अगदी शेजारी. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. ते चालू असताना त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, आणि वायफायही त्याच पट्ट्यात चालतं. इंटेलने २०१२ मध्येच याविषयी सविस्तर लिहिलं आहे. डिस्क चालू असली की डोंगलला राउटर ऐकूच येत नव्हता. मी डिस्क काढली, सिग्नलच्या काड्या भरल्या. लावली, गळाल्या. यूएसबीची एक साधी एक्स्टेंशन केबल आणली, डोंगल कॅबिनेटच्या मागून काढून टेबलावर आणून ठेवला. तेव्हापासून नेट तुटलेलं नाही.

तुमच्याकडे असं झालं तर आधी मोबाइल कॉम्प्युटरशेजारी नेऊन वायफायवर चालतो का बघा. चालला तर राउटर आणि लाइन ठीक आहे, दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. डोंगल पुढच्या पोर्टला लावून बघा, नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. राउटर नवा असेल तर त्याची दोन नावं असू शकतात, एक २.४ चं आणि एक ५ गिगाहर्ट्झचं, आणि स्वस्त किंवा जुन्या डोंगलला ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतच नाही. कुणाकडून लांब लॅन केबल मिळाली तर ती थेट लावा, नेट चाललं की गाडं वायफायवरच अडलंय हे नक्की. एवढं करून जमलं नाही तर ज्याच्याकडून कनेक्शन घेतलं त्याच्या माणसाला घरी बोलवा.

त्या नंबरची तक्रार मी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षु' सुविधेवर केली आणि सर्चमधल्या त्या जाहिरातीखालीही नोंदवली. जाहिरात गेली. परवा मुद्दाम तेच शब्द टाकून पाहिलं तर त्या जागी वेगळा नंबर आहे, कंपनीच्या साइटवर नसलेला. त्याचीही तक्रार केली आहे. तुम्हाला असा नंबर दिसला तर लावून बघू नका, तुम्हीही कळवा.