उच्च हार्मोनिकसाठी वायू की स्फटिक?

एका रंगाचा तीव्र लेसर टाकायचा आणि त्याच्या वारंवारितेच्या कितीतरी पूर्णांक पटीचा प्रकाश, म्हणजेच उच्च हार्मोनिक, काढायचा. पण टाकायचा कशात?

जुनी वाट वायूची. 1987च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ आन लुइलिए आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये अवरक्त लेसर आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूतून सोडला, तेव्हा वरची हार्मोनिक्स अपेक्षेप्रमाणे झपाट्याने मंदावली नाहीत. बराच पल्ला जवळजवळ सारख्याच तीव्रतेची राहिली. लेसरचं क्षेत्र इलेक्ट्रॉन अणूतून खेचून काढतं, दिशा पालटली की मागे ढकलतं, आणि तो अणूवर परत आदळला की जमवलेली ऊर्जा एका फोटॉनात ओकतो. यासाठी दर चौरस सेंटिमीटरला 10¹⁴ वॉटच्या आसपास तीव्रता लागते. शिवाय निर्वात कक्ष आणि पंप. (पंपांची घरघर वेगळीच.)

स्फटिकाची गोष्ट ताजी. 2011 साली झिंक ऑक्साइडमध्ये मध्य-अवरक्त लेसरने पंचविसाव्यापर्यंतची हार्मोनिक्स मिळाली. इथे तीव्रता बरीच कमी पुरते, मांडणीही आटोपशीर. वायूत सहसा विषमच (तिप्पट, पाचपट अशी) हार्मोनिक्स निघतात. केंद्रसममिती नसलेल्या (म्हणजे मध्यबिंदूतून उलटवल्यावर रचना तशीच न राहणाऱ्या) स्फटिकात समही दिसू शकतात, म्हणजे प्रकाशच रचनेची चुगली करतो. मात्र लेसर जास्त चढवला की नमुना जळतो, आणि अतिनील प्रकाश बराचसा स्फटिकच गिळतो.

अ‍ॅटोसेकंद (10⁻¹⁸ सेकंद) मापाचे प्रकाश-स्पंद किंवा मऊ (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण हवे असतील तर मी आजही वायूच निवडेन. पदार्थाच्या आत डोकावायचं असेल, तर स्फटिक.