रेझर वायपर: क्लिकचा वेग आणि दमसास वाढवण्यासाठी कसा आहे

माझ्या आधीच्या माऊसवर दहा सेकंदांच्या चाचणीत 110 च्या आसपास क्लिक भरत असत आणि सेकंदाला अकरा क्लिक हा वेग आपण मेहनतीने कमावला आहे, अशी माझी पक्की समजूत होती. रेझर कंपनीचा वायपर हा माऊस जोडून तीच चाचणी दिली, तेव्हा आकडा 71 वर थांबला. नव्या माऊसला हात सरावला नसेल म्हणून चार दिवस जाऊ दिले, पुन्हा मोजले, तरी 73 च्या पुढे मजल गेली नाही. मग जुना माऊस पुन्हा जोडून, सावकाश, एकेक सुटा क्लिक करून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. वीस वेळा कळ दाबली की संगणक तीस-एकतीस क्लिक नोंदवत होता. माझ्या अकरांपैकी जवळपास चार क्लिक बोटाचे नव्हतेच, ते झिजलेल्या स्विचचे होते.

हे का घडते, ते समजून घेतल्याशिवाय वायपरचे मोल कळणार नाही. नेहमीच्या माऊसमधील स्विचमध्ये धातूची पातळ पट्टी दुसऱ्या धातूवर आपटते आणि आपटल्यावर क्षणभर थरथरते. ही थरथर वेगळे क्लिक म्हणून मोजली जाऊ नये म्हणून माऊस पहिल्या संकेतानंतर काही मिलिसेकंद पुढच्या संकेतांकडे दुर्लक्ष करतो. यालाच डिबाउन्स म्हणतात. स्विच जुना झाला, त्याच्या धातूवर गंज किंवा काजळी धरली, की थरथर या राखीव वेळेपेक्षा लांबते आणि एका दाबाचे दोन क्लिक होतात. वायपरमध्ये संकेतासाठी धातूचा स्पर्शच नाही. कळ दाबली की इन्फ्रारेड किरणांच्या वाटेतील छोटा अडथळा सरकतो आणि प्रकाश पोहोचला की क्लिक नोंदला जातो. त्यामुळे थरथरही नाही आणि तिच्यासाठी राखून ठेवायचा वेळही नाही.

कंपनी या स्विचच्या प्रतिसादासाठी 0.2 मिलिसेकंदांचा आकडा देते आणि जाहिरातीत त्यावरच भर असतो. क्लिकचा वेग वाढवू पाहणाऱ्याने मात्र त्या आकड्याच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेकंदाला आठ क्लिक करणाऱ्या बोटाला प्रत्येक क्लिकसाठी 125 मिलिसेकंद मिळतात. त्यात एक-दोन मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे झाल्याने बोटाचा वेग बदलत नाही. या माऊसचा खरा उपयोग वेगळाच आहे: तो बोटाने जेवढे केले तेवढेच मोजतो. सरावाला खरी मोजणी नसेल, तर आज प्रगती झाली की स्विच आणखी थोडा बिघडला, हे कळायला मार्गच उरत नाही.

माझा 73 हा आकडा वाईट नव्हता, हेही मला नंतरच समजले. मज्जासंस्थेच्या तपासणीत तर्जनीने पट्टी दाबण्याची एक जुनी चाचणी वापरतात आणि तिच्यात निरोगी प्रौढ माणसाचे दहा सेकंदांत साधारण पन्नास दाब भरतात. म्हणजे सेकंदाला सहा-सात क्लिक ही सामान्य बोटाची चांगली चाल आहे. त्याहून भराभर क्लिक करण्याच्या खास पद्धतीही आहेत. जिटर पद्धतीत कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग ताठ करून हाताला कंप आणतात आणि त्यातून सेकंदाला दहा-बारा क्लिक निघतात. बटरफ्लाय पद्धतीत तर्जनी आणि मधले बोट एकाच कळीवर आळीपाळीने चालवतात. ड्रॅग पद्धतीत बोट कळीवरून घासत नेतात आणि त्या घर्षणाने कळीला येणाऱ्या कंपाचा फायदा घेतात.

मी सराव केला तो साध्या, एका बोटाच्या क्लिकचा. पहिल्या आठवड्यात एक गोष्ट प्रकर्षाने दिसली: पाच सेकंदांत माझा वेग सेकंदाला साडेसात होता, पण पूर्ण मिनिटभर क्लिक केले तर शेवटच्या दहा सेकंदांत तो साडेपाचवर येत होता. म्हणजे माझ्याकडे वेग होता, दमसास नव्हता. त्यावर मला सर्वांत अधिक उपयोग झाला तो मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या साधनाचा. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्याला चार क्लिक केले की सेकंदाला बरोबर सहा होतात, 105 ला सात आणि 120 ला आठ. मी 90 पासून सुरुवात केली आणि त्या दिवशीच्या सरावात एकही क्लिक लयीबाहेर गेला नाही, तरच पुढच्या वेळी लय तीन ठोक्यांनी वाढवली. असे दहा-दहा सेकंदांचे सहा फेरे, प्रत्येक फेऱ्यानंतर पन्नास सेकंद विश्रांती, आणि हे सारे एक दिवसाआड, एवढाच माझा क्रम होता.

या सरावात बोटाची एक चूक लक्षात आली आणि ती सुधारल्यावर जेवढा फरक पडला, तेवढा निव्वळ मेहनतीने पडला नव्हता. वेग वाढवायच्या नादात मी प्रत्येक क्लिकनंतर बोट कळीपासून चांगले सेंटिमीटरभर वर उचलत होतो, आणि थकवा यायचा तो दाबण्याने नव्हे, तर या उचलण्याने. आता बोटाचे पेर कळीवरच टेकलेले राहते आणि कळ वर येते तेवढेच बोट वर येऊ देतो. वायपरची कळ कमी अंतर खाली जाते आणि लगेच वर उसळते, त्यामुळे ही सवय लावणे सोपे गेले. कळीचा आवाज मात्र मोठा आणि काहीसा कोरडा आहे, आणि दाबताना सुरुवातीला ती जुन्या माऊसपेक्षा जड वाटते. पहिले दोन आठवडे मला ही खोट वाटली होती. आता वाटत नाही, कारण या जडपणामुळे बोट टेकवून ठेवले तरी चुकून क्लिक होत नाही. चार महिन्यांनंतर माझे दहा सेकंदांत 84 क्लिक होतात आणि मिनिटाच्या शेवटीही वेग सातच्या खाली जात नाही. या दुसऱ्या आकड्याचे मला अधिक समाधान आहे.

खेळात याचा किती उपयोग होतो, हे खेळावर अवलंबून आहे. माइनक्राफ्ट या खेळाच्या संगणकावरील जावा प्रकारात 2016 मध्ये आलेल्या 1.9 आवृत्तीपासून प्रत्येक वारानंतर हत्याराची ताकद पुन्हा भरायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे नुसत्या भराभर क्लिकला अर्थ उरला नाही. 1.8 च्या लढतींत ही अट नाही, तरीही एक वार लागला की पुढचा अर्धा सेकंद त्याच ताकदीच्या वाराने प्रतिस्पर्ध्याचे आणखी नुकसान होत नाही. म्हणून वेगवान क्लिकने घाव दुप्पट होत नाहीत; नेमक्या क्षणी एखादा क्लिक तयार असण्याची शक्यता तेवढी वाढते. ही शक्यता सात-आठ क्लिकमध्ये पुरेशी मिळते, आणि त्यापुढे नेम धरून ठेवणे अधिक मोलाचे ठरते. जिटरने अकरा क्लिक काढताना माझा नेम सतत ढळत असे. ओसूसारख्या तालाच्या खेळात मिनिटाला 180 ठोक्यांच्या लयीत ठोक्याला चार असे सलग सूर आले की सेकंदाला बारा दाब लागतात, पण तिथे बहुतेक खेळाडू कीबोर्डच्या दोन कळा दोन बोटांनी वाजवतात, म्हणजे बोटामागे सहाच येतात. त्या खेळासाठी केवळ वेगाच्या आशेने माऊस बदलण्याची गरज नाही.

माऊसच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. वजन तारेशिवाय 69 ग्रॅम आहे आणि कवचाला भोके न पाडता ते साधले आहे. तार मऊ असल्याने ओढ जाणवत नाही. आकार दोन्ही बाजूंनी सारखा आणि पाठ बुटकी आहे. ज्यांना पूर्ण तळवा माऊसवर टेकवून धरण्याची सवय आहे, त्यांचा हात यावर अधांतरी राहील. मी बोटे वाकवून धरतो, त्यामुळे मला तो बसला. संवेदनशीलता बदलण्याचे बटण तळाशी आहे, म्हणजे खेळताना ते चुकून दाबले जात नाही.

स्विच सात कोटी क्लिक टिकेल, असे कंपनी सांगते. रोज दहा हजार क्लिक धरले तरी हा हिशेब एकोणीस वर्षांच्या वर जातो. हाताला अशी कोणी हमी देत नाही. दुसऱ्या महिन्यात मी उत्साहाने रोज आणि जिटर पद्धतीनेही सराव करू लागलो, तेव्हा आठव्या दिवशी कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका सुरू झाला आणि पाण्याने भरलेला तांब्या उचलतानाही तो जाणवू लागला. दोन आठवडे मी क्लिकचा सराव पूर्ण बंद ठेवला. वारंवार त्याच हालचालीने स्नायुबंधांना आणि त्यांच्या आवरणांना सूज येते आणि ती दुर्लक्षिली तर महिनोन्‌महिने रेंगाळते. हात थकणे आणि दुखणे यांत फरक आहे: थकवा फेरा संपल्यावर मिनिटभरात उतरतो, दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच असते. मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर होत असतील, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सराव पुन्हा सुरू करताना मी जिटर कायमचा सोडला, माऊस कोपराच्या पातळीला येईल इतकी खुर्ची उंच केली आणि मेट्रोनोम परत 90 वर नेला.